फेल्प्सच्या पदकांवर गांजाची वकिली

तरुण व्यावसायिक खेळाडूंनी मौजेखातर गांजा ओढला तर बिघडलं कुठे, असा दावा सध्या हिरिरीने फिरवला जातोय. आधाराला चार गोष्टी: अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्स ओढायचा तरी 8 सुवर्णपदकं जिंकला, अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगने बंदी उठवली, दोन दिवसांत गांजा शरीरातून निघून जातो, आणि दारूपेक्षा तो बरा.

फेल्प्सची ती पदकं बीजिंगची, ऑगस्ट 2008 मधली. गांजाची नळी ओढतानाचा त्याचा गाजलेला फोटो नोव्हेंबरमधल्या पार्टीतला, म्हणजे पदकं गळ्यात पडल्यानंतरचा. तो छापून आल्यावर त्याने माफी मागितली आणि अमेरिकी जलतरण संघटनेने त्याला तीन महिने बाहेर बसवलं. एवढ्यावरून पदकांचा गांजाशी संबंध जोडायला बरीच कल्पनाशक्ती लागते.

एनबीएचं खरं आहे. 2023 च्या करारात गांजा चाचणीतून वगळला गेला. त्याआधी 2020 मध्ये एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगनेही निव्वळ चाचणीत सापडला म्हणून निलंबन करणं थांबवलं होतं. पण हे लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी वाटाघाटी करून केलेले करार आहेत, डॉक्टरांचा निर्वाळा नव्हे. गांजासाठी अख्खा मोसम हिरावून घेणं मलाही अतिरेकीच वाटायचं. तरी शिक्षा सैल होणं वेगळं आणि पदार्थ निरुपद्रवी ठरणं वेगळं. शिवाय ऑलिंपिक खेळांत वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) बंदी असलेल्या पदार्थांची यादी चालते, आणि तिच्यात स्पर्धाकाळासाठी गांजा आजही आहे. अमेरिकी धावपटू शकॅरी रिचर्डसन जून 2021 मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड स्पर्धेत 100 मीटर 10.86 सेकंदांत जिंकली, तेव्हा 21 वर्षांची होती. जन्मदात्या आईच्या मृत्यूची बातमी कळल्यावर तिने गांजा घेतला होता, तोही ओरेगनमध्ये, जिथे तो कायदेशीर आहे. निकाल रद्द झाला, महिनाभराची बंदी आली, टोकियो ऑलिंपिकची 100 मीटर शर्यत हुकली. फेल्प्सचं नाव घेणाऱ्यांना हे नाव बरं आठवत नाही!

दोन दिवसांची गोष्ट सर्वांत धोकादायक, कारण तिच्यावर विसंबून लोक हिशेब मांडतात. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश काही आठवडेही सापडू शकतात. वाडाने 2013 मध्ये मर्यादा मिलीलिटरमागे 15 वरून 150 नॅनोग्रॅमवर नेली, त्यामुळे क्वचित ओढणारा बहुधा सुटतो. रोजच्याला ती खात्री नाही. स्पर्धेबाहेर, खेळाशी संबंध नसताना घेतल्याचं सिद्ध केलं तरी तीन महिन्यांची बंदी आहेच. उपचार घेतले तर ती एक महिन्यावर येते.

चाचणी बाजूला ठेवली तरी शरीर उरतंच. नशेत नाडी वाढते, प्रतिक्रिया मंदावते. झोपेसाठी म्हणून अनेक जण सुरुवात करतात. रोजची सवय तोडली की आधी झोपच उडते. विशीच्या पहिल्या अर्ध्यात मेंदूचा स्वतःला आवर घालणारा भाग अजून घडत असतो. ओढणाऱ्यांपैकी सुमारे दहातल्या एकाला व्यसन जडतं, असा जुना, बहुमान्य अंदाज आहे. किशोरवयात सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण सहातल्या एकापर्यंत जातं. आणि व्यावसायिक खेळाडूच्या हातात कोवळ्या वयातच पैसा, एकटेपणा आणि दुखापतीतले रिकामे महिने येतात.

दारूपेक्षा बरा? यकृताच्या बाबतीत असेलही. पण दारू 2018 पासून वाडाच्या यादीतच नाही. सामन्याच्या आठवड्यात बिअर प्यायलेला आणि गांजा ओढलेला असे दोघे खेळाडू चाचणीला बसले, तर बंदीची टांगती तलवार दुसऱ्यावरच असते.