चावीवाल्याचा कान

घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक क्लिप आली. घाटकोपरची आमची जुनी गल्ली, पहाटेचे साडेचार, सोसायटीच्या सीसीटीव्हीतून घेतलेली. चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेले दोघे जण रस्त्याच्या कडेने चाललेत. एकाच्या कानावर हेडफोन, हातात दांडीच्या टोकाला बसवलेली वाटीसारखी वस्तू. दोन पावलं टाकायची, वाटी जमिनीला टेकवायची, मान खाली घालून गप्प उभं राहायचं, पुन्हा दोन पावलं. मागून रिक्षा जाते, तो वैतागून हात हलवतो.

खाली आमच्या दादाचा, म्हणजे मावसभावाचा मेसेज: ‘चंद्रावर यान उतरवलं आणि इथे कानाने गळती शोधतायत. त्यापेक्षा नारळवाला पाणाड्या बोलवा, स्वस्तात होईल.’ त्यावर हसणारी तोंडं, नऊ. मग माझ्यासाठी खास: ‘तुमच्याकडे असलं काही नसेल ना गं? तिकडे सगळं सॅटेलाइटवर.’

‘तुमच्याकडे.’ बावीस वर्षं झाली इंग्लंडात, पण हा शब्द वाचला की अजून चिडचिड होते. आणि खरं सांगायचं तर तो कुणी वापरला नाही तरीही होते.

आमच्याकडे (घ्या, मीही वापरला) गळती कानानेच शोधतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून रोज तीन अब्ज लिटरच्या आसपास पाणी जमिनीखाली झिरपून जातं. पाण्याच्या कंपन्या १९८९ पासून खाजगी आहेत, बिल वाढत चाललंय, आणि गळती २०५० पर्यंत निम्मी करू असं त्यांनी वचन दिलंय. तोवर मी असेन-नसेन. उपग्रह वापरतात, हे खरं. पण उपग्रह सांगतो तो नुसता ओलसर जमिनीचा पट्टा. खड्डा नेमका कुठे मारायचा हे ठरवायला शेवटी चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला एक माणूस काठी घेऊन येतो आणि ऐकतो.

पाणाड्याचं म्हणाल तर २०१७ मध्ये इथे एका तरुण शास्त्रज्ञ बाईने सगळ्या कंपन्यांना विचारलं, की तुमचे लोक दोन वाकड्या तारा हातात धरून पाणी शोधतात का? बारापैकी दहा कंपन्यांनी हो म्हटलं. न्यूटनच्या देशात! ती बातमी मी तेव्हा ग्रुपवर टाकली नव्हती. का टाकली नव्हती, ते मलाच विचारायला हवं. बहुधा ‘तुमच्याकडे’ची इज्जत राखत होते.

पण दादाला खरं उत्तर वेगळं आहे. गळतीला आवाज येतो तो दाबामुळे. नळात पाणी दाबाखाली असेल तरच ते फटीतून सुसाटत बाहेर पडतं, नळाची भिंत थरथरते आणि ती थरथर नळाच्या अंगाने दूरवर जाते. लोखंडी नळात ती स्पष्ट ऐकू येते, प्लास्टिकच्या नळात थोड्या अंतरावर विरून जाते. यंत्रवाले दोन व्हॉल्व्हवर दोन सेन्सर बसवतात आणि आवाज कुठे आधी पोचला ते मोजतात. समजा दोन्हीत १०० मीटर अंतर आहे, लोखंडी नळात आवाज सेकंदाला १,२०० मीटर धावतो, आणि एका बाजूला तो सेकंदाचा पन्नासावा हिस्सा आधी पोचला. म्हणजे फरक २४ मीटरचा. १०० मधून २४ वजा, उरलेल्याचे निम्मे. त्या बाजूच्या व्हॉल्व्हपासून ३८ मीटरवर खणा. सातवी-आठवीचं गणित. फक्त नळ लोखंडाचा आहे की प्लास्टिकचा, हे आधी ठाऊक पाहिजे.

इथे हे काम रात्री दोन ते चारमध्ये करता येतं. गाव झोपलेलं, नळ बंद, दाब पूर्ण, रस्त्यावर कोल्ह्याशिवाय कुणी नाही. घाटकोपरला रात्री दोनला ऐकाल तर काय ऐकाल? नळात पाणीच नाही. गळती आहे, पण मुकी. उलट रिकाम्या नळात त्याच फटीतून बाहेरचं गटार आत ओढलं जातं. ऐकायचं तर पाणी आल्यावरच, म्हणजे पहाटे साडेचारला, आणि त्याच वेळी सगळी गल्ली जागी: पिंपं भरतायत, टिल्लू पंप घरघरतायत, अख्ख्या इमारतीचा नळ वाहतोय. त्या गोंगाटातून एक बारीक चरचर वेगळी काढायची. क्लिपमधला तो पोरगा जे करतोय ते इथल्या कुठल्याही काठीवाल्याला जमणार नाही, हे मी लिहून देते. मुंबईत रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या घरात पाणी येतं आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गळती आणि चोरीत जातो. त्या हिश्शाच्या मागे असा माणूस कान लावून फिरतोय आणि आम्ही नऊ जण त्याच्यावर हसतोय.

आणि ‘कानाने’ म्हणजे मागास, हे कुणी ठरवलं? लिव्हरपूलमध्ये १८६० च्या दशकात पाणी ठरावीक तासच यायचं. पुढे गावाचा इंजिनिअर झाला जॉर्ज डीकन. त्याने १८७३ च्या सुमारास वस्तीवस्तीच्या तोंडाशी मीटर बसवले, रात्री कुठल्या भागात विनाकारण पाणी वाहतंय ते पाहिलं आणि तिथे माणसं पाठवली. त्यांनी अंधारात एकेका घराच्या स्टॉपकॉकला, म्हणजे घरात येणारं पाणी बंद करायच्या चावीला, कान लावला. गळती मिटत गेली तसं पाणी चोवीस तास देता आलं. आधी कान, मग चोवीस तास. लंडनच्या गरीब गल्ल्यांतही तेव्हा पाण्यासाठी रांगा आणि भांडणं होती. ‘तिकडे’ही एके काळी घाटकोपरच होतं. आणि चोवीस तासांसाठी लिव्हरपूलपर्यंत कशाला जायचं? कराडजवळच्या मलकापूरने ते करून दाखवलंय. पण दादाच्या दृष्टीने मलकापूर म्हणजे सातारा, आणि सातारा म्हणजे कंदी पेढे.

एवढं टाइप करून मी थांबले, कारण इथलीही एक गोष्ट मी सोयीने गाळत होते. मागच्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर फुटपाथमधून पाणी यायला लागलं. कंपनीला कळवलं. तीन आठवड्यांनी खोदकामासाठीचे तात्पुरते ट्रॅफिक लाइट आले, आणखी चार दिवसांनी माणसं आली. त्यांनी भलीमोठी चर खणली आणि खाली कोरडं ठणठणीत. नकाशात नळ लोखंडाचा होता, प्रत्यक्षात मधला तुकडा कधीतरी प्लास्टिकचा घातलेला. गणित बरोबर, उत्तर चूक. शेजारच्या आजीबाई रोज खिडकीतून त्या खड्ड्याकडे बघत चहा प्यायच्या. सहा आठवडे लाइट तसेच. मी कुणाला क्लिप पाठवली नाही.

मग आमच्याच मीटरचं बिल फुगलं. घराच्या हद्दीच्या आतला नळ आमचा, दुरुस्ती आमची. आलेला माणूस निवृत्तीच्या वयाचा. त्याने फ्रीज बंद करायला लावला, डिशवॉशर थांबवला, नवऱ्याला किटलीपासून दूर व्हायला सांगितलं. मग पिशवीतून लाकडी काठी काढली, वर कानाला बसेल अशी लाकडी बशी. सिंकखालच्या स्टॉपकॉकवर टोक टेकवलं आणि डोळे मिटून वाकला. मिनिटभराने म्हणाला, ऐकायचंय?

मी काठी घेतली आणि बशी कानाच्या भोकावर नाही, कानामागच्या हाडावर टेकवली. विचार न करता. सूऽऽ. बारीक, सलग, कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसा.

तो बघतच राहिला. म्हणाला, हे तुला कुणी शिकवलं?

अण्णांनी. आमचे अण्णा पाणी खात्यात चावीवाले होते. छातीएवढी लोखंडी चावी, वर आडवी दांडी, खांद्यावर टाकून पहाटे साडेतीनला बाहेर पडायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, फेरे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा. उघडून झाला की दांडीला कानामागचं हाड लावून उभे राहायचे. शाळेच्या सुट्टीत कधी मला न्यायचे. ‘आत बघ, इथे चरचरतंय. तिकडे गुळगुळीत आहे.’ मला दोन्ही सारखंच ऐकू यायचं आणि झोप येत असायची. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास असायचा, त्या हाताने ते मला पाव-मस्का भरवायचे. चाळीतल्या बायका त्यांना जाता-येता शिव्या घालायच्या, की आमच्याकडे दाब कमी का. कॉलेजात गेल्यावर मी त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं टाळायला लागले. चावी खांद्यावर असली की तर नक्कीच.

‘माझे वडील पाणी खात्यात होते,’ मी म्हटलं.

‘इंजिनिअर?’

‘हो.’

बावीस वर्षं हेच सांगत आलेय. ऑफिसात, शाळेच्या गेटवर, नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांना. तो समाधानाने मान हलवून बागेकडे गेला आणि दहा मिनिटांत गुलाबाच्या आळ्याजवळ खूण केली. खणलं तर तिथेच.

त्या रात्री डीकनबद्दल वाचताना एक जुना इंग्रजी शब्द सापडला, टर्नकॉक. रस्त्यात येऊन पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. म्हणजे त्यांच्या भाषेत अण्णांच्या कामाला नाव होतं, मला फक्त ते उच्चारायचं होतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दाब, गोंगाट, लिव्हरपूल, वाकड्या तारा, कोरडा खड्डा. अण्णांचं शेवटी, ‘इंजिनिअर’सकट. दोन निळ्या खुणा आल्या आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग दादाने लिहिलं:

‘काका असंच करायचे, आठवतंय मला. मी त्यांची चावी उचलायला जायचो, हलायची नाही.’ आणि खाली दुसरा मेसेज: ‘पण आज पाणी चाळीस मिनिटंच आलं गं.’