हॅरिस ‘जनक’ कसे?

तुमच्या लेखात लॉर्ड हॅरिसना ‘भारतीय क्रिकेटचे जनक’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. ते मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले १८९० च्या एप्रिलमध्ये. त्याआधीच जानेवारीत पारश्यांनी दौऱ्यावर आलेल्या जी. एफ. व्हर्ननच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवलं होतं. पारश्यांचे संघ १८८६ आणि १८८८ ला इंग्लंडचे दौरेही करून आले होते. मग जन्म कुणी दिला? उलट मुंबईच्या मैदानावर युरोपीयांच्या पोलोच्या घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडते, ही देशी खेळाडूंची तक्रार याच गव्हर्नरांच्या काळात फेटाळली गेली. त्याबद्दल लेखात एक ओळ नाही!

इंग्लंडमधल्या केंट काउंटी संघाचे कर्णधार म्हणून मात्र माणूस खमक्या. लँकेशायर काउंटीचे गोलंदाज नियमाप्रमाणे चेंडू टाकत नाहीत, कोपरातून झटका देऊन फेकतात म्हणून १८८५ मध्ये त्यांच्याशी परतीचा सामनाच नाकारला. मी शाळेकडून हॅरिस शील्ड ही मुंबईतली आंतरशालेय क्रिकेट स्पर्धा खेळलोय, त्या स्पर्धेवर जीव आहे. म्हणूनच शील्डवरच्या नावाचा इतिहास मुलांना खरा सांगा.