मामांना सुपरवायझर करून आपण काय कमावलं?

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी पाच वर्षं काढली. तिथे एक टर्नर (लेथ मशीनवर धातूचे भाग कातणारे कारागीर) होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. लेथचा नुसता आवाज ऐकून लांबूनच ओरडायचे, "टूल घासलंय रे, काढ!" आणि खरंच घासलेलं असायचं. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं की साहेबसुद्धा त्यांच्या मशीनपाशी येऊन उभे राहायचे.

एका अप्रेझलला मामांना शिफ्ट सुपरवायझर केलं. पेढे वाटले. सहा महिन्यांत शिफ्टचा पार विचका. रजा मागणाऱ्याला मामांना नाही म्हणता येईना, एक्सेल उघडलं की घाम फुटायचा. एखादा पोरगा मशीनच्या सेटिंगला अडला की "सरक बाजूला" म्हणून कातायचा तुकडा स्वतःच मशीनवर लावायचे. पोरगा काही शिकायचा नाही आणि बाकीची मशीनं वाऱ्यावर. एक नंबरी टर्नर हातचा गेला, बदल्यात रडकुंडीला आलेला सुपरवायझर मिळाला.

लॉरेन्स पीटर या लेखकाने 'द पीटर प्रिन्सिपल' या पुस्तकात १९६९ सालीच हे लिहून ठेवलंय: माणूस चांगलं काम करतो म्हणून वर चढत राहतो आणि जिथलं काम जमत नाही तिथे जाऊन अडकतो. पुस्तक विनोदी अंगाने लिहिलेलं, म्हणून लोक हसून सोडून देतात. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या सेल्सवाल्यांचा अभ्यास छापून आला. जो जास्त माल विकतो त्याला मॅनेजर करायची शक्यता जास्त, आणि नेमक्या त्याच मॅनेजरांच्या हाताखालच्यांची विक्री घसरलेली. आधी इतरांच्या जोडीने सौदे करणारे मात्र मॅनेजर म्हणून बरे निघाले. म्हणजे विक्रीचा आकडा बघून मॅनेजर निवडणंच चुकत होतं.

मामांचा यात काय दोष? पगार वाढवायचा तर हाताखाली माणसं द्यायचीच, असा नियम कुणी केला? आयटीत निदान हाताखाली माणसं न घेता वर चढायची 'आर्किटेक्ट' वगैरे वेगळी वाट असते (तिथेही शेवटी टीम गळ्यात मारतातच, ते सोडा). शॉप फ्लोअरवर तेवढंही नाही.

मामांनी एकदा मशीन परत मागितलं होतं. एचआरने सांगितलं, ग्रेड खाली येईल, पगारही. मुलीचं लग्न तोंडावर होतं. मामा गुपचूप केबिनमध्ये जाऊन बसले.

तुमच्याकडे आहे का कुणी, ज्याचा पगार साहेबाएवढा आहे आणि हाताखाली एकही माणूस नाही? असेल तर सांगा, मला खरंच बघायचंय.