मातीचा जागतिक सर्व्हर: फाइली चढवून काम होत नाही, ते का

शेती आणि तंत्रज्ञान या दोन्ही विषयांत रस असलेल्या मंडळींत सध्या एक दावा जोरात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: 'जगातल्या मातीची माहिती आधीच गोळा झालेली आहे, फक्त ती देशोदेशींच्या कपाटांत पडून आहे. सगळ्यांनी आपापल्या फाइली एका मोठ्या सर्व्हरवर चढवाव्यात, वर एआय बसवावा, की कुठल्याही शेताचा माती अहवाल मोबाइलवर. माती काही रोज बदलत नाही. अडचण तंत्राची नाही, इच्छाशक्तीची आहे.'

यातलं कपाटांचं वाक्य खरं आहे. बाकीची वाक्यं आणि त्यांच्या जोडीने ऐकू येणारे दावे एकेक करून पाहू.

'माहिती आहेच, फक्त एकत्र करायची'

आकडे आहेत. पण दोन देशांचे आकडे एका रकान्यात आले म्हणजे ते एकाच गोष्टीचे आकडे झाले, असं नाही. सेंद्रिय कर्बाचंच (सेंद्रिय पदार्थांतल्या कार्बनचंच) बघा. भारतातल्या बहुतेक माती परीक्षण प्रयोगशाळा वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. तीत डायक्रोमेट हे रसायन मातीतला कर्ब जाळतं आणि किती डायक्रोमेट खर्ची पडलं यावरून कर्ब काढतात. उष्णता मिळते ती डायक्रोमेट आणि गंधकाम्ल मिसळताना निर्माण होते तेवढीच. बाहेरून तापवत नाहीत. त्यामुळे सगळा कर्ब जळत नाही, साधारण तीन चतुर्थांश जळतो. म्हणून उत्तराला 1.3च्या आसपासचा गुणक लावायचा असतो. काही प्रयोगशाळा तो लावतात, काही लावत नाहीत आणि अहवालावर बहुधा दोघीही ते लिहीत नाहीत. क्षारपड जमिनीत तर क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि कर्ब फुगून दिसतो.

युरोपातल्या अनेक प्रयोगशाळा नमुना 900 अंश सेल्सिअसच्या वर जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. पद्धत उत्तम, पण ती चुनखडीतला कार्बनही मोजते. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात 12 टक्के कार्बन असतो. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीत 5 टक्के चुनखडी असणं अगदी नेहमीचं. म्हणजे खरा सेंद्रिय कर्ब 0.6 टक्के असेल, तर आधी आम्ल टाकून चुना काढला नाही किंवा तो वेगळा मोजून वजा केला नाही, तर यंत्र 1.2 टक्के दाखवणार. बरोबर दुप्पट. हे दोन आकडे एका नकाशात शेजारीशेजारी टाकले की सीमेच्या एका बाजूची जमीन सुपीक आणि दुसऱ्या बाजूची उजाड दिसते. भर म्हणून काही देश कर्बाऐवजी सेंद्रिय पदार्थ लिहितात, जो कर्बाला 1.724ने गुणून काढलेला असतो.

स्फुरदाचा (फॉस्फरसचा) प्रश्न याहून अवघड आहे. ऑल्सेन पद्धतीत 8.5 सामूचं (पीएचचं) सोडियम बायकार्बोनेट, ब्रे पद्धतीत आम्लधर्मी फ्लोराइडचं द्रावण, मेहलिक-3मध्ये आणखी निराळं मिश्रण. या पद्धती मातीतला एकच स्फुरद मोजत नाहीत. प्रत्येक द्रावण आपल्याला झेपेल तेवढा बाहेर काढतं. चुनखडीच्या जमिनीत ब्रेच्या द्रावणातलं आम्ल चुन्यावरच खर्ची पडतं आणि आकडा खोटा कमी येतो. तिथे कुठलंही रूपांतराचं सूत्र चालत नाही. मग कोणी पी (शुद्ध फॉस्फरस) लिहितं, कोणी पी-टू-ओ-फाइव्ह (त्याचं ऑक्साइड). या दोहोंत 2.29 पटींचा फरक आहे. आपल्याकडे हेक्टरी किलो, तिकडे किलोमागे मिलिग्रॅम, मध्ये 2.24चा गुणक, जो 15 सेंटिमीटर थराचं वजन ठरावीक मानून काढलेला आहे. हेक्टरी 15 किलो स्फुरद म्हणजे किलोमागे 6.7 मिलिग्रॅम किंवा हेक्टरी 34 किलो पी-टू-ओ-फाइव्ह. रकान्याच्या मथळ्यावर नुसतं 'स्फुरद' असेल तर हे तिन्ही आकडे बिनतक्रार आत जातात.

नत्राबद्दल (नायट्रोजनबद्दल) बोलायलाच नको. आपण क्षारीय परमँगनेटने 'उपलब्ध नत्र' काढतो, बरेच देश एकूण नत्र काढतात. दोहोंचा मेळ घालायचा प्रयत्नही करू नये.

सामूसाठी आपल्याकडे माती आणि पाणी 1:2.5, आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीत 1:5, अमेरिकेत 1:1. काही देश पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडचं सौम्य द्रावण घेतात, त्यात सामू बहुतेक वेळा अर्धा ते एक अंकाने खाली येतो. पोताची, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या प्रमाणाची, गत तशीच. गाळाच्या कणांची वरची मर्यादा अमेरिकी पद्धतीत 50 मायक्रॉन, जर्मनीत 63, जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत 20. सोव्हिएत काळातल्या काचिन्स्की पद्धतीत 10 मायक्रॉनखालच्या सगळ्या कणांना 'भौतिक चिकणमाती' म्हणायचे. तो आकडा इतर देशांच्या 2 मायक्रॉनखालच्या चिकणमातीच्या रकान्यात टाकला, की युक्रेनपासून कझाकस्तानपर्यंत सगळी जमीन आहे त्यापेक्षा कितीतरी जड दिसू लागते आणि त्यावरून काढलेली पाणी धरण्याची क्षमता साफ चुकते.

युरोपीय संघाने या गुंत्यातून काढलेला मार्ग बोलका आहे. 2009च्या लुकास माती सर्वेक्षणात त्यांनी देशांकडून जुन्या फाइली मागवल्याच नाहीत. 25 देशांतून सुमारे 20,000 नवे नमुने एकाच रीतीने, वरच्या 20 सेंटिमीटर थरातून घेतले आणि एकाच प्रयोगशाळेत तपासले. ज्या देशांकडे जगातले उत्तम मृदा नकाशे आहेत, त्यांनी हे केलं.

'एआय फरक आपोआप जुळवून घेईल'

ज्या फरकाची नोंदच नाही तो एआय जुळवणार कसा? पद्धत लिहिलेली असेल तर साधं समीकरणही पुरतं. नसेल तर एआयचं प्रतिमान (मॉडेल) त्या फरकाला मातीचा गुण समजून शिकतं आणि देशाची सीमा हीच त्याला सर्वांत ठळक मृदारेषा वाटते.

समीकरण कसं काढायचं हे ठाऊक आहे. दोन्ही देशांतून सामू, चुनखडी, पोत आणि कर्ब यांच्या सगळ्या पट्ट्यांत पसरलेले शंभरेक नमुने निवडा, वाळवून 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, नीट मिसळून दोन भाग करा आणि दोन्ही प्रयोगशाळांत दोन्ही पद्धतींनी तपासा. निघालेलं सूत्र त्या पट्ट्यांपुरतंच वापरा आणि सोबत त्याची चूक किती तेही नोंदवा. प्रयोगशाळा एकमेकींशी जुळाव्यात यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2017मध्ये ग्लोसोलान हे प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं, ते याच कामासाठी. एक पथ्य मात्र कडक पाळावं लागतं: मूळ आकडा कधीही पुसायचा नाही. मूळ मूल्य, एकक, द्रावण, प्रमाण, प्रयोगशाळा, नमुन्याची तारीख, तपासणीची तारीख, थराची वरची आणि खालची खोली हे एका बाजूला. रूपांतरित मूल्य आणि ते कुठल्या सूत्राने काढलं हे निराळ्या रकान्यात. उद्या सूत्र चुकीचं ठरलं तर परत मागे जाता आलं पाहिजे.

'अक्षांश-रेखांश आहेत म्हणजे जागा कळली'

19 अंश 45 मिनिटे हा आकडा कोणीतरी 19.45 असा भरतो. खरं उत्तर 19.75. फरक 0.30 अंशाचा, म्हणजे उत्तर-दक्षिण 33 किलोमीटरचा. अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मानलेल्या आकारावरून मोजले, हेही बघावं लागतं: भारतातले जुने नकाशे एव्हरेस्ट संदर्भावर, सोव्हिएत नकाशे पुल्कोवो 1942वर. ते जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस 84 संदर्भात न बदलता घेतले की बिंदू शेकडो मीटर सरकतो. 2 मे 2000 पूर्वीच्या साध्या जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली शंभरेक मीटरची चूक असायची. दोनच दशांश स्थळं लिहिलेली असतील तर जागा किलोमीटरभराच्या घरात कुठेही असू शकते. म्हणून प्रत्येक बिंदूसोबत 'किती मीटरपर्यंत खात्री' हा रकाना लागतो. तो रिकामा असेल तर बिंदू नकाशा बनवायला वापरू नये, इतकं हे महत्त्वाचं आहे.

तपासणी मात्र स्वस्त आहे. बिंदू सांगितलेल्या देशात, जिल्ह्यात पडतो का? समुद्रात पडतो का? अक्षांश आणि रेखांश दोन्ही शून्य असलेले नमुने गिनीच्या आखातात गोळा होतात. ते प्रत्येक मोठ्या संचात सापडतात. याच झडतीत आणखी दोन चोर पकडायचे: 'मोजलं नाही' आणि 'इतकं कमी की यंत्राला दिसलं नाही' या दोहोंऐवजी भरलेला शून्य, आणि युरोपातला दशांश स्वल्पविराम. तिकडचं 1,25 आपल्याकडच्या एक्सेलमध्ये उघडलं की 125 होतं.

'मोठा सर्व्हर लागेल, त्याला पैसा हवा'

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन इथली आयएसआरआयसी ही संस्था वोसिस नावाचा जागतिक संच चालवते. त्याच्या 2019च्या आवृत्तीत 173 देशांतले सुमारे 1,96,000 मृदा परिच्छेद (खड्ड्यातल्या मातीची थराथराने केलेली नोंद) आणि 58 लाख नोंदी होत्या. एका नोंदीला 200 बाइट धरले तरी सव्वा जीबी भरत नाही. हा डेटा पेन ड्राइव्हवर मावतो. पैसा जातो तो माणसांवर: जुने सर्वेक्षण अहवाल स्कॅन करणं, तक्ते टंकणं, ज्याने खड्डा खणला तो निवृत्त होण्याआधी त्याला गाठून पद्धत विचारणं. प्रस्तावात यंत्रसामग्रीची ओळ जाडजूड आणि मृदातज्ज्ञांची ओळ बारीक दिसली, की काय होणार ते आधीच सांगता येतं.

'सगळं एकाच ठिकाणी हवं'

का हवं? ठिकठिकाणच्या जमिनीचा नेमका आकडा हा जमिनीच्या किमतीशी, कर्जाशी, विम्याशी आणि काही देशांत सुरक्षेशी जोडलेला असतो. 'सगळं द्या' म्हटलं की देश काहीच देत नाहीत. अनेक संस्था परिच्छेद नकाशासाठी वापरू देतात, पण पुढे वाटू देत नाहीत. आयएसआरआयसीच्या सॉइलग्रिड्स 2.0 या नकाशासाठी सुमारे 2,40,000 ठिकाणांची निरीक्षणं वापरली गेली, पण त्यातली सगळी लोकांना उतरवून घेता येत नाहीत; कारण परवाना.

म्हणून अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने चालणाऱ्या जागतिक मृदा भागीदारीची ग्लोसिस ही माती-माहितीची व्यवस्था संघराज्याच्या धर्तीवर आखली आहे. प्रत्येक देश आपलं केंद्र स्वतः चालवतो आणि ठरलेल्या साच्यात हवं तेवढंच उघडं करतो. सामायिक असतो तो साचा, शब्दसूची आणि प्रश्न विचारण्याची रीत. 5 डिसेंबर 2017 रोजी प्रसिद्ध झालेला सेंद्रिय कर्बाचा जागतिक नकाशाही असाच झाला: देशांनी एकाच मार्गदर्शिकेनुसार 0 ते 30 सेंटिमीटरचे 1 किलोमीटर चौकटीचे नकाशे घरीच बनवले आणि तयार नकाशा दिला, बिंदू दिले नाहीत. ज्यांनी नकाशा दिला नाही, त्यांच्या जागा इतर मार्गांनी भरल्या गेल्या आणि तिथे गुणवत्ता उतरली. केंद्रीय सर्व्हरनेही ती चढली नसती.

'मग कुठल्याही शेताचा अहवाल मोबाइलवर'

सॉइलग्रिड्सची एक चौकट 250 मीटरची, म्हणजे 6.25 हेक्टरची. महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र 2015-16च्या कृषी गणनेनुसार 1.34 हेक्टर. एका चौकटीत चार-पाच शेतकरी बसतात, त्यातला एक शेणखत टाकणारा आणि एक न टाकणारा. शिवाय तो आकडा मोजलेला नाही, अंदाजलेला आहे; सोबत 5 आणि 95 टक्क्यांच्या मर्यादाही (खरा आकडा बहुधा ज्यांच्या मध्ये असतो) दिलेल्या असतात, ज्या मोबाइल ॲप बनवणारे हमखास गाळतात. जागतिक संचात अमेरिकेतले परिच्छेद हजारोंनी आहेत आणि भारतातले मूठभर, म्हणून आपल्याकडे या मर्यादांमधलं अंतर रुंद असतं. पाणलोट किंवा जिल्हा पातळीच्या नियोजनाला हा नकाशा चांगला आहे. त्यावरून युरियाची गोणी ठरवणं हा निव्वळ जुगार.

कर्बाच्या साठ्याचं गणित तर आणखी नाजूक. कर्ब टक्के, स्थूल घनता (एका घन सेंटिमीटर जागेतल्या कोरड्या मातीचं ग्रॅममधलं वजन) आणि सेंटिमीटरमधली खोली यांचा गुणाकार केला की हेक्टरी टन मिळतात. 0.6 गुणिले 1.3 गुणिले 30 म्हणजे 23.4 टन. घनता 1.5 धरली तर 27. आणि मातीत 20 टक्के मुरूम-खडे असतील तर 23.4चे 18.7. जुन्या नोंदींत स्थूल घनता आणि खड्यांचं प्रमाण हेच दोन रकाने सर्वांत जास्त रिकामे असतात. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, त्यात हे दोन्ही नाहीत. त्यामुळे पत्रिकांच्या आकड्यांवरून कर्ब क्रेडिट (मातीत साठवलेल्या कर्बाबद्दल मिळणारं विकाऊ प्रमाणपत्र) मोजू म्हणणाऱ्याला घनता कुठून आणली हे आधी विचारावं.

'माती काही रोज बदलत नाही'

पोत बदलत नाही, बाकीचं बदलतं. कालवा आला की काही हंगामांत क्षारता चढते, नांगरट आणि खत बदललं की वरच्या थरातला कर्ब हलतो. तारखेशिवायचा सामू किंवा विद्युत वाहकता (क्षारतेचं माप) नकाशात घेऊ नये.

इथे डेटा केंद्राच्या आराखड्यात क्वचितच दिसणारी गोष्ट लागते: साठवलेली माती. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला 1843पासून चालू असलेल्या प्रयोगांचे वाळवलेले नमुने बरण्यांत ठेवले आहेत, त्यामुळे नवी पद्धत आली की जुनी माती नव्याने तपासता येते. प्रत्येक नमुन्याची अर्धा किलो माती वाळवून, चाळून, हवाबंद डब्यात, आत आणि बाहेर दोन चिठ्ठ्यांसह ठेवावी. आतली चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली हवी, कारण शाई पुसट होते, आणि तिच्यावरचा क्रमांक डेटाबेसमधल्या क्रमांकाशी अक्षरशः जुळायला हवा. कपाटांचं भाडं प्रकल्पाच्या मुदतीपुरतं न धरता एखाद्या कायम संस्थेच्या अंदाजपत्रकात टाकावं लागतं. नाहीतर निधी संपला की डबे आधी जातात आणि सर्व्हर त्यानंतर बंद पडतो.