क्यूआर काढू नका, तो मॅसेज खोटा आहे

परवा सोलापुरात बाळीवेशीत मामाच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा क्यूआर गायब. शेंगा चटणी, कडक भाकरीचं छोटं दुकान आहे. विचारलं तर मामाने मोबाईलच पुढे केला. विजापूरच्या पाहुण्यांनी पाठवलेला मॅसेज होता: दोन हजारांच्या वर यूपीआय केलं की 18 टक्के जीएसटी, क्यूआर लावला की नोटीस, आणि हे सगळं नोटबंदीपासून लोकांवर लादलंय म्हणून कॅशवर या. आमच्या शाळेच्या ग्रुपवर पण हाच फिरतोय, म्हणून एकदाच लिहिते.

18 टक्के साफ खोटं. अर्थ मंत्रालयाने 18 एप्रिल 2025 ला खुलासा केलाय. जीएसटी लागतो तो पेमेंटच्या चार्जवर, म्हणजे कार्ड घासल्यावर दुकानदाराचा जो एमडीआर कापतात त्याच्यावर. दुकानातल्या यूपीआयवर हा एमडीआर जानेवारी 2020 पासून शून्य आहे. चार्जच नाही तर टॅक्स कशावर लावणार? वॉलेटमधून दोन हजारांच्या वर दिले तर 1.1 टक्क्यापर्यंत शुल्क आहे, पण ते गिऱ्हाईकाकडून घेत नाहीत.

नोटिशीच्या मुद्द्याचा मला खरा राग आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि त्यानेच माणसं घाबरतात. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना खरंच नोटिसा गेल्या, भाजीवाल्यांनासुद्धा, ज्यांच्या मालावर टॅक्सच नाही. ते चुकलंच. पण आपल्याकडे महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणी लागते वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेली तर, आणि ती कॅश धरूनच मोजतात, मग क्यूआर काढून वाचतं काय? 40 लाख म्हणजे वर्षभर रोज अकरा हजारांची विक्री, मामाची गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीतसुद्धा रोज एवढी होत नाही. उलट चार दिवसांत कॉलेजची पोरं दारातून परत गेली आणि मामी सुट्ट्यांसाठी शेजारीपाजारी पळतेय. काळजीच असेल तर घरचे आलेगेलेले पैसे दुकानाच्या खात्यात मिसळू नका, एवढं करा.

नोटबंदीने धक्का दिला हे मान्य, एटीएमच्या रांगेत आम्ही पण होतो. पण डिसेंबर 2016 मध्ये देशभरात यूपीआयचे व्यवहार 20 लाखांच्या आसपास होते, महिन्याला 100 कोटी झाले ऑक्टोबर 2019 मध्ये, तेव्हा नोटांची काही टंचाई नव्हती. मामाने कार्डाचं मशीन कधीच घेतलं नाही, बिलामागे कट जातो म्हणून. क्यूआर घेतला कारण कट नाही आणि कुठल्याही ॲपने पैसे येतात, आणि या दोन्ही गोष्टी नियमानेच झाल्यात. लादलं असतं तर मामाला स्टिकर काढता आला असता का?

बोलणाऱ्या स्पीकरचं महिन्याला भाडं कापतात, ते मात्र खरंय. परवडत नसेल तर परत करा, स्टिकर त्याच्याशिवाय पण चालतो. फक्त गिऱ्हाईकाचा स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, आपल्या मोबाईलवर जमा दिसली की मगच द्या.