मीठ मोजा, राजेहो!

तर राजेहो, तुम्ही नशिबाने दर्यापूर, अकोट, तेल्हारा नाहीतर संग्रामपूरकडं राहत असाल, म्हणजे पूर्णामायच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं, तर पाण्यातल्या मिठावर लक्ष ठेवायचं काम तुमच्याचकडं आहे. घाबरू नका, मीटर-बिटर काही लागत नाही. सकाळी हापशीचं पाणी घ्या, चहा मांडा, दूध टाका. फाटलं की रीडिंग आलं. नाही फाटलं तर दूधवाला गोड्या पाण्याच्या गावचा आहे आणि त्याने घरचंच पाणी घातलंय एवढं सिद्ध होतं. दुसरी टेस्ट तुरीच्या डाळीची. तूर आपलीच, पाणी आपलंच, पण दोघांचं पटत नाही, कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच डोळे वटारून बघतो. ही झाली आपली लॅब.

ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग म्हणून एक मोठं नदीखोरं आहे, त्यांनाबी मिठाचाच त्रास. पण त्यांना चहाचं सुचलं नाही बिचाऱ्यांना. त्यांनी काय केलं तर मॉर्गन नावाच्या गावापाशी आकडाच ठरवून टाकला, की नदीच्या पाण्याचा ईसी, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून काढलेला खारेपणा, 95 टक्के वेळ 800 च्या खाली राहिला पाहिजे. नदीकाठानं बोअर मारून जमिनीतलं खारं पाणी नदीत उतरायच्या आधीच उपसतात, लांब नेऊन उन्हात आटवतात, वर्षाला पाचेक लाख टन मीठ असं बाहेर ठेवतात. आणि वर कोणत्या राज्याने किती मीठ वाढवलं, किती कमी केलं याची जमा-नावेची वही. आपल्या सोसायटीची असते तशीच, फक्त तिच्यात निवडणुकीच्या तोंडावर माफी नाही.

असले लाड आपण करायचे नाहीत. आपल्याकडं वही नाही, किडनी आहे. तिच्यात सगळं जमा होतं आणि बॅलन्स थेट डॉक्टरच सांगतात, क्रिएटिनिन इतकं इतकं. पाण्यानेच झालं का, हे मात्र कोणी लिहून देत नाही.

तरी कोणाला कागदच पाहिजे असेल तर सरकारी तपासणी करून बघा, मी केली. थंड्याच्या बाटलीत बोअरचं पाणी भरून तालुक्याला गेलो तर साहेब म्हणे, "बाटली आमचीच पायजे." त्यांची मागितली तर संपलेल्या. तिसऱ्या खेपेला नमुना घेतला एकदाचा, दिला उन्हाळ्यात, रिपोर्ट आला पऱ्हाटीला बोंडं लागल्यावर: पिण्यास अयोग्य, पर्यायी स्रोत वापरावा. पर्यायी कोणता विचारलं तर गावातली दुसरी हापशी. तिचाबी रिपोर्ट माझ्याच रिपोर्टाच्या मागं टाचलेला होता, पिण्यास अयोग्य. तसं मानक लय दयाळू आहे बरं का, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 500 पर्यंत चांगलं, पण दुसरा स्रोतच नसला तर 2000 पर्यंत चालवून घ्या म्हणते. आणि दुसरा स्रोत नसायची आपल्याकडं पक्की सोय आहे.

आता कंट्रोल. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गावात आरओ बसवा, पाच रुपयांचं नाणं टाकलं की कॅन भरून गोडं पाणी. मशीनच्या मागून एक निळा पाइप निघतो तिकडं मात्र बघायचं नाही. त्यातून वेगळं काढलेलं सगळं मीठ दुप्पट खारं होऊन नालीत जातं, नाली देवळामागच्या खड्ड्यात, आणि खड्डा हापशीपासून वीस पावलांवर. त्या डबक्याला वासरूबी तोंड लावत नाही, काठाला पांढरी साय धरते. मीठ गावाबाहेर जात नाही, नुसतं फिरतं, एसटी जशी त्याच स्टँडवर परत येते तसं.

शेतात जिप्सम जरूर टाका. त्यातलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमला उठवतं आणि त्याच्या जागेवर बसतं, मग उठवलेलं सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर चरातून शेताबाहेर काढून द्यायचं असते. पण चर खोदायचाच नाही. कारण चर शेजाऱ्याच्या धुऱ्यापाशी जाऊन थांबतो आणि पुढं तहसील लागते. खालचा गाळ शेकडो फूट, जमीन ताटासारखी सपाट, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तर हे मीठ इथं मुक्कामाला आहे. तेव्हा जिप्सम पसरा, फोटो काढा आणि सोडियमला म्हणा बस बावा, तूबी इथलाच.

शेततळं हा उपाय मात्र टाळलेलाच बरा, कारण तो खरंच चालते. पावसाचं गोडं पाणी धरून ठेवते आणि हरभऱ्याला एक ओलित निघालं की लोकायला सवय लागते. 2018 ला जागतिक बँकेच्या पैशावर पोकरा हा सरकारी शेती प्रकल्प आला, त्याच्या 5142 गावांत 932 गावं याच पट्ट्यातली, आणि ज्यायनं तळं खोदलं ते आता बोअरच्या गप्पांत बसतच नाहीत, माणूस वाया गेला समजा.

शेवटी पोराचं लग्न. पाहुणे आले की पहिला प्रश्न शेतीचा नसतो, पाण्याचा असतो. म्हणून त्या दिवशी जार आणा, चहा जारचा, पोहे जारचे, हात धुवायलाबी जारचंच. आमच्या चुलतभावाच्या वेळी सगळं असं जुळवून आणलं होतं. चहा झाला, पोरीचा मामा "वाईच पाय मोकळे करतो" म्हणून उठला, सरळ हापशीवर गेला, दोन हात मारले, ओंजळ तोंडात घेतली, थुंकला आणि मिशी पुसत परत येऊन बसला.

"पंधराशेच्या वर हाये," म्हणे.

भावाच्या बापानं विचारलं, "मामाजी, तुमचं गाव कोणतं?"

"पूर्णेकाठचंच."