‘इथून कुणी दिसत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांचे म्हणणे मुलाखतींतून आणि मैदानावरच्या खेळातून समजून घेण्याविषयी मी गेल्या महिन्यात लेख लिहिला होता. बालवाडीतील दीर्घ अनुभवाच्या आधारे आपण त्यावर दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहिण्याआधी मुद्दाम थोडे दिवस जाऊ दिले, कारण पहिल्या वाचनात मला राग आला होता आणि दुसऱ्या वाचनात आपला एक आक्षेप खरा असल्याचे ध्यानात आले. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. आपले पहिले म्हणणे असे, की तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मत नसते. ते विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोलते आणि आजचे उत्तर उद्या बदलते. दुसरे, खेळणाऱ्या मुलाकडे पाहून त्याचे ‘ऐकले’ असे म्हणणे म्हणजे आपल्या मनातले त्याच्या तोंडी घालणे होय. तिसरे, मैदान कसे असावे हे ठरवण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे आणि मुलांना विचारणे ही तिच्यातून काढलेली पळवाट आहे.

पहिल्या आक्षेपातील निरीक्षण मला पूर्णपणे मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. मुले कोणत्याही प्रश्नाला उत्तर देतात याला पुरावाही आहे. मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह या संशोधकांनी 1980 मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांना ‘दूध पाण्यापेक्षा मोठे असते का?’, ‘लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का?’ असे निरर्थक प्रश्न विचारले, आणि जवळजवळ सर्व मुलांनी गंभीरपणे उत्तरे दिली. आपण म्हणाल, हेच तर मी म्हणते आहे. पण पुढे अमांडा वॉटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धर्तीवर प्रयोग केले, तेव्हा असे आढळले की मुले निरर्थक प्रश्नालाही ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळी होतात ती मुख्यतः प्रश्न हो-नाहीचा असतो तेव्हा. तसलाच प्रश्न ‘काय’, ‘कुठे’, ‘का’ अशा खुल्या रूपात विचारला, तर ‘माहीत नाही’ असे सांगणे त्यांना जमते. म्हणजे ज्याला आपण मुलाचा दोष समजतो, त्यातला बराच भाग प्रश्नाच्या घडणीत असतो.

उत्तर बदलण्याचेही तसेच आहे. सूझन रोझ आणि मेरियन ब्लँक यांचा 1974 मधील प्रयोग मला फार बोलका वाटतो. सारख्याच संख्येने मांडलेल्या वस्तूंच्या दोन ओळींपैकी एक ओळ मुलांसमोर पसरायची आणि ‘दोन्हींत सारखेच आहेत का?’ हा प्रश्न पसरण्यापूर्वी एकदा व नंतर पुन्हा विचारायचा, ही जुनी रीत होती. त्यांनी सहा वर्षांच्या काही मुलांना तो प्रश्न फक्त नंतर, एकदाच विचारला, आणि चुका कमी झाल्या. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले असणार, असा अंदाज मुले बांधत असावीत, आणि शाळेचा अनुभव पाहता तो अंदाज अगदी शहाणपणाचा आहे. आपण स्वतः वर्गात ‘नक्की?’ असे कधी विचारतो ते आठवून पाहावे.

सूचक प्रश्नांचा धोका मी कमी लेखत नाही. मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सेसी यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात एक पाहुणा येऊन काहीही न बिघडवता निघून गेला. ज्या मुलांना आधी त्याच्या धांदरटपणाच्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि नंतर आठवड्यांमागून आठवडे सूचक प्रश्न विचारले होते, त्यांच्यापैकी अनेकांनी त्याने पुस्तक फाडल्याचे किंवा खेळण्यातले अस्वल मळवल्याचे सांगितले, आणि त्यांत धाकट्यांचे प्रमाण अधिक होते. मात्र ज्यांच्या कानांवर यांतले काहीच घातले नव्हते, त्यांना साधेपणाने ‘काय झाले ते सांग’ असे म्हटल्यावर असे आरोप क्वचितच निघाले. मुलाचे बोलणे आपण किती सहज बिघडवू शकतो हे या अभ्यासातून दिसते, हे खरे. पण त्यात बिघडवण्यासारखे काहीतरी आधी असते हेही दिसते.

माझी स्वतःची फजिती मूळ लेखात मी सांगितली नव्हती, ती आता सांगतो. सुरुवातीला मी मुलांना एकेक करून एका खोलीत बोलावले, समोर खुर्चीवर बसवले, मेजावर ध्वनिमुद्रक ठेवला आणि ‘तुला बाहेर खेळायला काय आवडतं?’ असे विचारले. जवळजवळ प्रत्येकाने ‘घसरगुंडी’ असे उत्तर दिले आणि मी ते समाधानाने लिहून घेतले. त्यानंतरच्या दिवसांत मैदानाच्या कडेला बसून पाहिले, तर घसरगुंडीवर मुले येत आणि दोन-चार घसरण्यांत निघून जात. त्यांचा खरा वेळ भिंतीलगतच्या ओल्या मातीत, झुडपामागे आणि पाइपातून पाणी गळत असे त्या कोपऱ्यात जात असे. मुले खोटे बोलली नव्हती. घसरगुंडीला नाव आहे, भिंत आणि झुडूप यांच्यामधल्या जागेला नाव नाही. आणि खुर्चीवर बसवलेल्या मुलाला जे नावानिशी सांगता येते तेच ते सांगते. खोलीत विचारल्यावर मला मैदानावरच्या वस्तूंची यादी मिळाली होती, आणि तिलाच मी आवड समजून बसलो होतो.

म्हणून मुलाखत मी मैदानावर नेली. तिथला एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्यातच आहे. साडेचार वर्षांची एक मुलगी रोज मैदानाच्या मधल्या भागातले दगड उचलून झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवीत असे. एका वेळी एकच दगड, दोन्ही हातांत धरून. माझ्या नोंदवहीत मी लिहिले होते : ‘वर्गीकरण, आकाराप्रमाणे रचना.’ तिसऱ्या दिवशी मी बुंध्याशी जाऊन बसलो. बराच वेळ काही न विचारता बसल्यावर म्हणालो, “तुझं काय चाललंय ते सांग ना.”

“दगड,” ती म्हणाली, आणि पुढचा आणायला गेली.

मी गप्प राहिलो. हे गप्प राहणे लिहायला सोपे आहे आणि करायला अत्यंत अवघड. आणखी तीन दगड आल्यानंतर, मी काहीही विचारलेले नसताना, ती म्हणाली, “ते उन्हात होते.” माझा चेहरा कोरा दिसला असावा, कारण तिने माझा हात धरून नुकताच आणलेला दगड माझ्या तळहातावर ठेवला. तो चांगलाच तापलेला होता. मग तिने पहिल्या दिवशीचा दगड माझ्या दुसऱ्या हातात दिला, तो गार होता. नोंदवहीतील ‘वर्गीकरण’ मी तिथेच खोडले.

आता आपण म्हणता त्याप्रमाणे मी माझ्या मनातले तिच्या खेळात घातले होते, आणि नुसते पाहत राहिलो असतो तर तेच लेखात छापले असते. नुसते विचारले असते तर ‘दगड’ एवढेच हाती लागले असते. तिने जे सांगितले ते तीन शब्दांत, दोन दगडांत आणि माझ्या दोन तळहातांत मिळून सांगितले. माझा मुद्दा एवढाच आहे : खेळ पाहणे आणि बोलणे ही एकमेकांच्या चुका दाखवणारी साधने आहेत, आणि दोन्हींपैकी एकट्यावर विसंबले तर आपला आक्षेप शंभर टक्के लागू पडतो.

हे काही माझे संशोधन नाही. ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी 2001 मध्ये इंग्लंडमध्ये मांडलेली ‘मोझेक’ पद्धत याच जाणिवेवर उभी आहे. तीन-चार वर्षांची मुले स्वतः छायाचित्रे काढतात, मोठ्या माणसाला आपल्या जागेतून फिरवून आणतात, त्याचा नकाशा करतात, थोडे बोलतात. पालकांचे आणि शिक्षकांचे म्हणणेही घेतले जाते. आणि हे तुकडे शेजारी ठेवून त्यांचा अर्थ मुलांबरोबर बसून लावला जातो. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि घाईत सर्वांत आधी गळणारी आहे. आपण लावलेला अर्थ मुलापुढे ठेवला, तर ते अनेकदा सरळ ‘नाही’ म्हणते, आणि आपल्या समजुती मुलाच्या तोंडी घालण्याविरुद्ध त्याहून चांगला बंदोबस्त मला ठाऊक नाही.

नॉर्वेतील एलन सॅन्डसेटर यांनी 2007 मध्ये धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले : उंची, वेग, धोकादायक अवजारे, पाणी-आगीसारख्या धोक्याच्या जागा, झोंबाझोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड हरवून जाणे. ही मांडणी करताना त्यांनी बालशाळेतील कर्मचाऱ्यांबरोबर मुलांशीही बोलून घेतले होते. मुलांना न विचारता अशी यादी करायला कुणी बसले असते, तर शेवटचा प्रकार तीत आला असता का, याविषयी मला शंका आहे. पडण्याची भीती मोठ्यांच्या सहज लक्षात येते. हरवण्यात मजा असते हे मात्र मुलालाच सांगावे लागते.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचे बारावे कलम मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते आणि त्या मताला वय व परिपक्वता पाहून योग्य वजन द्यावे असे म्हणते. योग्य वजन देणे आणि मागितले ते देणे यांत फरक आहे. मुलाने कुंपण नको म्हटले म्हणून कुंपण काढले जात नाही. पण ते का नको हे कळले, तर कुंपणाला पलीकडचे दिसेल अशी फट ठेवता येते. याच करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने 2005 मध्ये स्पष्ट केले, की हे कलम अगदी लहान मुलांनाही लागू आहे आणि बोलता येण्याच्या कितीतरी आधीपासून मुले आपले म्हणणे अनेक मार्गांनी व्यक्त करीत असतात. जबाबदारी मोठ्यांचीच राहते, उलट ती वाढते, कारण मुलाने सांगितलेले आता ‘ठाऊक नव्हते’ म्हणून टाळता येत नाही. मात्र निर्णय आधीच घेऊन मुलांना केवळ फोटोपुरते बसवले जाते, हा आपला टोला रास्त आहे. असा देखावा मीही पाहिला आहे, आणि त्यापेक्षा न विचारणे बरे.

आपण उपस्थित न केलेला, पण मला सर्वांत छळणारा प्रश्न वेगळाच आहे. मुले जिथे आपल्यापासून लपतात, तिथेही कान देऊन बसायचे का? झुडपामागच्या खेळाच्या नोंदी मी पुढे थांबवल्या. एका मुलाने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता आपली पाठ माझ्याकडे केली. पालकांच्या सह्या माझ्याकडे होत्या, पण ती पाठ हेच त्या विषयातले अंतिम उत्तर होते.

आणि आता माझी चूक. मूळ लेखात याच झुडपामागच्या एका पाच वर्षांच्या मुलाचे वाक्य मी ‘इथे आम्ही कुणाला दिसत नाही’ असे दिले होते आणि त्यावर ‘मुलांना स्वतःचे जग हवे असते’ असा एक सुबक परिच्छेद रचला होता. हा परिच्छेद ‘मोठ्यांच्या स्वप्नरंजनाचा नमुना’ असल्याचे आपण लिहिल्यामुळे मी ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. मुलाचे खरे वाक्य ‘इथून कुणी दिसत नाही’ असे आहे, आणि त्याचा स्वर तक्रारीचा आहे. त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात दुसरा एक आवाज त्याला ‘तू लक्ष ठेव’ असे बजावताना ऐकू येतो. त्याला पहाऱ्यावर बसवले होते, आणि पानांमुळे समोरचे दिसत नव्हते. मी ‘इथून’चे ‘इथे’ केले, ‘आम्ही’ आणि ‘कुणाला’ हे शब्द पदरचे घातले, आणि जागेविषयीच्या एका नेमक्या तक्रारीची कविता केली.

तो परिच्छेद मी आज लेखातून काढला आहे आणि त्या जागी मुलाचे वाक्य जसे आहे तसे, आधीच्या संवादासह, दिले आहे. त्याचा अर्थ त्याच्याबरोबर बसून लावणे माझ्या हातून राहून गेले. तो मुलगा आता पुढच्या शाळेत गेला आहे.